आजोबांची बंदूक, सतरा वर्षांचा नातू आणि एकवीसची अट

पत्र

सासरे चार महिन्यांपूर्वी वारले. त्यांची परवान्याची दुनळी बंदूक मळ्यातल्या घरी लोखंडी पेटीत आहे, काडतुसांचा पट्टाही तिथंच आहे. मुलगा सतरा वर्षांचा, बारावीला आहे. मागच्या आठवड्यात त्याच्या मावसभावाच्या मोबाइलवर मी रील बघितलं. माझा मुलगा बंदूक खांद्याला लावून उभा आहे आणि मागं आमचाच मळा दिसतोय. मिस्टर म्हणतात, "घरची बंदूक आहे, लायसनची आहे, चोरीची नाही. अठराचा झाला की त्याच्याच नावावर करू. बाबांनापण त्याच वयात मिळालं होतं." दीर म्हणतात, बंदूक जुळे सोलापुरातल्या फ्लॅटवर नेऊन ठेवू. मे महिन्यात पुतणीचं लग्न आहे, हळदीला दोन बार काढायचे असं पोरांनी ठरवलंय. पोलिसांत जावं तर मुलाचं नाव येईल अशी भीती वाटते. मी काय करू?
— एक आई, उत्तर सोलापूर तालुका

उत्तर

ताई, मुलाचं नंतर बघू. आधी पेटीचं बघा, कारण आज तुमच्या घरात त्या बंदुकीचा परवाना असलेलं कुणीच नाही. परवाना घराचा नसतो, तो एका माणसाच्या नावाचा असतो. सासरे गेले त्या दिवशी तो संपला. पुस्तिकेवर पुढच्या दोन वर्षांची मुदत दिसत असली तरी तिचा आता उपयोग नाही. त्यामुळे मिस्टरांचं "लायसनची आहे" हे वाक्य चार महिन्यांपूर्वीपर्यंत खरं होतं. आज ती विनापरवाना बंदूक आहे, आणि तिच्यासाठी तुमचे मिस्टर, दीर आणि तुम्ही सगळेच उत्तरदायी ठरू शकता.

हे घाबरवायला लिहीत नाही. यातून बाहेर पडायची वाट कायद्यानंच दिलेली आहे आणि ती सोपी आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ प्रमाणे परवानाधारक वारला की त्याच्या वारसानं शस्त्र आणि काडतुसं विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायची असतात. निवडणूक लागली की ठाण्यातून नोटीस यायची आणि सासरे बंदूक नेऊन जमा करायचे, ते तुम्ही बघितलंच असेल. हेही तसंच जमा करणं आहे, फरक एवढाच की यात वारसानं स्वतःहून जायचं असतं. चार महिने हा उशीरच आहे, पण दुःखाच्या घरात तो कसा झाला हे सांगता येतं. आणखी चार महिन्यांनी तेच सांगणं जड जाईल.

जमा केली नाही तर काय, हेही स्पष्ट सांगतो. परवान्याशिवाय बंदूक किंवा काडतूस बाळगलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आणि दंड आहे. पूर्वी ही शिक्षा एक ते तीन वर्षं होती. नुसतं एक जिवंत काडतूस सापडलं तरी कलम तेच लागतं. "माझ्या हातात कुठं होती, पेटीत होती" हा बचाव फार टिकत नाही. गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ताबा म्हणजे वस्तू अंगावर असणंच नव्हे. वस्तू आहे हे माहीत असणं आणि तिच्यावर आपलं नियंत्रण असणं पुरेसं आहे, मग ती प्रत्यक्षात दुसऱ्याच्या हाती का असेना. शिवाय एकत्र राहत्या घरात शस्त्र सापडलं तर कलम ३५ खाली त्या घरातल्या, त्याची माहिती असलेल्या प्रत्येकाकडे बोट जाऊ शकतं. तुम्हाला आता सगळं माहीत आहे, म्हणून पाऊल तुम्हीच उचलायचं.

आता मिस्टरांच्या "अठराचा झाला की" या बोलण्याकडे येतो. ते खोटं बोलत नाहीत. तुमच्या सासऱ्यांना खरंच अठराव्या वर्षी परवाना मिळाला असणार. १९५९ चा कायदा झाला तेव्हा बंदुकीसाठी किमान वय सोळा होतं. १९८३ मध्ये ते एकवीस केलं गेलं. त्या आधीच्या घरांमध्ये "मिसरूड फुटलं की बंदूक" ही समजूत आजही चालत आलेली आहे, आणि ती त्या काळच्या कायद्याला धरूनच होती. आजचं कलम ९ मात्र सांगतं की एकवीस वर्षं पूर्ण न झालेल्यानं बंदूक किंवा काडतूस मिळवायचं नाही, बाळगायचं नाही, घेऊन फिरायचं नाही. मतदान अठराला, गाडीचं लायसन अठराला, मुलाचं लग्न एकविसाला. बंदूक लग्नाच्या रांगेत आहे, मतदानाच्या नाही.

या अठरा ते एकवीसच्या फटीतच सगळ्यात जास्त घरं फसतात. सतराव्या वर्षी पकडलेला मुलगा बाल न्याय मंडळापुढे जातो. साडेअठराचा मुलगा थेट नियमित न्यायालयात, प्रौढ आरोपी म्हणून उभा राहतो, तरी बंदुकीच्या कायद्याच्या दृष्टीनं तो अजून वयात आलेलाच नसतो. म्हणजे अठरावा वाढदिवस त्याला हक्क देत नाही, फक्त संरक्षण काढून घेतो. कमी वयात बंदूक बाळगली एवढ्यासाठी कलम २५(२) मध्ये एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही आहे. परवाना नसल्याचं कलम त्याच्यावर वेगळं लागू शकतं.

आणि देणाऱ्याचं काय? कलम ९ मध्ये अशा मुलाला शस्त्र "विकणं किंवा हस्तांतरित करणं" यालाही मनाई आहे. हस्तांतर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं स्टॅम्प पेपर येतो. पण कायद्याच्या व्याख्येत उसनं देणं, नुसतं देणं, ताब्यातून जाऊ देणं हे सगळं हस्तांतरच आहे. "धर जरा, फोटो काढतो" म्हणत दोन मिनिटांसाठी हातात दिलेली बंदूकही त्यात बसते. सासरे हयात असते आणि त्यांनी स्वतः नातवाच्या हातात दिली असती तरी उत्तर हेच असतं. बापाच्या परवान्यावर मुलानं बंदूक घेऊन राखणीला जायचं, ही आपल्याकडची जुनी रीत कायद्याला मान्य नाही.

आता काय करायचं ते क्रमानं सांगतो.

आज रात्रीच पेटीला चांगलं कुलूप घाला. पट्टा आणि सुटी काडतुसं वेगळ्या, कुलपाच्या कपाटात ठेवा. दोन्ही किल्ल्या तुमच्या कमरेला असू द्या, चौकटीवर किंवा देव्हाऱ्यामागं नकोत. ती जागा घरातल्या पोरांना तुमच्याआधी माहीत असते. बंदूक रिकामी आहे का हे बघायला कुणीही ती उघडू नका, चाप दाबून तर मुळीच बघू नका. राखणीच्या बंदुकीत रात्री भरलेलं काडतूस सकाळी काढायचं राहून जातं, हे नेहमीचं आहे. जुन्या कागदी नळीच्या काडतुसाला दमट हवा लागली की ते फुगतं आणि नळीत रुतून बसतं, मग ओढून निघत नाही आणि माणूस काडीनं टोकरायला जातो. असे अपघात झालेले आहेत. तपासणीचं काम ठाण्यातल्या माणसाला करू द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदूक न घेता, फक्त कागद घेऊन ठाण्यात जा. हे महत्त्वाचं आहे. मोटरसायकलवर पोत्यात गुंडाळून बंदूक न्यायची आणि वाटेत नाकाबंदीला सापडायची, असं होऊ देऊ नका. परवाना असलेला माणूस हयात असेल तर दुरुस्तीला किंवा नूतनीकरणाला त्याच्या लेखी परवानगीनं दुसऱ्यानं शस्त्र नेण्याची सवलत कायद्यात आहे. मयत माणसाच्या बाबतीत तो आधार उरत नाही. म्हणून आधी ठाण्याला लेखी कळवा आणि अंमलदारानं घरी येऊन शस्त्र ताब्यात घ्यावं अशी विनंती करा. "तुम्हीच घेऊन या" म्हणाले तर तुमच्या अर्जाच्या पोचेवर तसं लिहून घ्या आणि ती पोच खिशात ठेवून मगच निघा.

अर्ज दोन प्रतींत, साध्या कागदावर चालतो. मजकूर असा:

"प्रति, मा. प्रभारी अधिकारी, पोलीस ठाणे … विषय: मयत परवानाधारकाचे शस्त्र व काडतुसे जमा करून घेणेबाबत. महोदय, माझे सासरे … हे दिनांक … रोजी मयत झाले. त्यांच्या नावे शस्त्र परवाना क्रमांक … असून त्यावर १२ बोअर दुनळी बंदूक, क्रमांक … नोंद आहे. सदर बंदूक व … नग काडतुसे आमचे राहते घरी कुलूपबंद आहेत. आम्हा वारसांपैकी कोणाकडेही शस्त्र परवाना नाही. सबब शस्त्र अधिनियम कलम २१ अन्वये सदर शस्त्र व काडतुसे जमा करून घेऊन पावती मिळावी, ही विनंती."

सोबत मृत्यूचा दाखला, मूळ परवाना पुस्तिका, तुमचं आधार आणि वारसांची नावं जोडा. मिस्टर तयार नसतील तर त्यांच्यासाठी थांबू नका. घरातलं शस्त्र जमा करून घ्या असं ठाण्याला लेखी कळवायला तुम्हाला कुणाच्या सहीची गरज नाही. अर्जात एकही खोटं वाक्य मात्र नको. "आजतागायत कोणीही हाताळलेली नाही" असं वजन यावं म्हणून लोक लिहून टाकतात, आणि उद्या रील समोर आलं की तेच वाक्य अंगावर येतं. जे विचारलेलं नाही ते लिहायचं नाही, आणि जे लिहायचं ते खरंच लिहायचं.

पावती घेताना तिच्यावर बंदुकीची कंपनी आणि प्रकार, बोअर, नळीवर कोरलेला क्रमांक आणि काडतुसांची संख्या या चार गोष्टी आहेत का ते बघा. क्रमांक पुस्तिकेशी अक्षर न अक्षर जुळवा. एक आकडा चुकला की पुढं वारसाचा अर्ज वर्षभर लोंबकळतो. "नंतर देतो" म्हणाले तर किमान स्टेशन डायरीचा नोंद क्रमांक आणि वेळ अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह घ्या. काडतुसं मोजताना पुस्तिकेतल्या खरेदीच्या नोंदी काढून बसा. पंचवीस घेतल्याची नोंद आहे आणि पट्ट्यात एकोणीस आहेत, तर सहा कुठं गेली? सासऱ्यांनी वापरली असतील. पण मुलाच्या दप्तरात, अभ्यासाच्या टेबलाच्या खणात, क्रिकेटच्या किटमध्ये एखादं आठवण म्हणून गेलेलं असू शकतं. त्याला ओरडून विचारू नका, सरळ विचारा: "आजोबांचं एखादं काडतूस तुझ्याकडं आहे का? उद्या जमा करायचंय, मोजून द्यावं लागतं." असं विचारलं की पोरं देतात.

दिरांचा फ्लॅटचा बेत तर डोक्यातूनच काढून टाका. तुमचं गाव सोलापूर ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत येतं आणि तिथला शस्त्र परवाना जिल्हाधिकारी देतात. जुळे सोलापूर शहर आयुक्तालयात येतं आणि तिथला परवाना पोलीस आयुक्तांकडचा. विनापरवाना बंदूक एका हद्दीतून दुसऱ्या हद्दीत नेली की दुखणं बरं होत नाही, त्यात भर पडते. ज्याच्या फ्लॅटवर नेली तोही मग त्यात येतो.

जमा केली म्हणजे बंदूक गेली असं नाही. मिस्टरांना ती ठेवायचीच असेल तर वारस म्हणून त्यांनी स्वतःच्या नावानं परवान्याचा अर्ज करावा. अर्ज ऑनलाइन भरून त्याची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत द्यायची. दीर, नणंद अशा बाकीच्या वारसांचं संमतीपत्र लागतं. प्रकृतीचं आणि मानसिक स्वास्थ्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र, हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि पोलीस पडताळणी हेही असतं. नवा परवाना आता पाच वर्षांसाठी असतो. ठेवायची नसेल तर परवानाधारक विक्रेत्यामार्फत किंवा परवाना असलेल्या माणसाला रीतसर विकता येते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. जमा शस्त्र वारसानं परत घ्यायला किंवा विकायला कायद्यात ठरावीक मुदत असते, आणि ती उलटली की जिल्हादंडाधिकारी ते सरकारजमा करू शकतात. म्हणून "पोरगा एकवीसचा होईपर्यंत ठाण्यात पडून राहू दे" हा हिशोब चुकीचा आहे. पावती घेतानाच ही मुदत लेखी विचारून घ्या आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा.

मुलाचं नाव येईल का, ही तुमची खरी भीती. बंदूक स्वतःहून जमा करायला जाणाऱ्या बाईला ठाण्यात मुलाचं रील दाखवावं लागत नाही. रील आधीच पोलिसांपर्यंत पोहोचलं असेल तर मात्र पेटी घरात ठेवून ते थांबणार नाही. उलट बंदूक कधी आणि कुणी जमा केली, हा कागद तुमच्या बाजूनं बोलेल. ठाण्यात जाण्याआधी वकिलाशी बोललं तर चांगलं. पैशांची काळजी करू नका. जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बायकांना आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन केला तरी चालेल. पण वकिलाच्या तारखेसाठी कुलूप लावणं आणि अर्ज देणं थांबवू नका.

रील आजच काढायला सांगा, मावसभावाच्या मोबाइलवरूनही. कुठल्या मळ्यात बंदूक आहे आणि ती पोराच्या हाती लागते, हे त्या रीलनं चोरालाही सांगितलंय. पोलिसांचा फोन किंवा नोटीस आधीच आलेली असेल तर मात्र मोबाइलमधलं काहीही पुसू नका. पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा होतो. अशा वेळी मोबाइल आहे तसा ठेवून वकिलाला विचारा.

समजा प्रकरण मुलापर्यंत आलंच. तो अठराच्या आतला आहे, म्हणून कायद्याच्या भाषेत तो आरोपी नाही, "विधिसंघर्षग्रस्त बालक" आहे. त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. प्रत्येक ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, मुलाशी त्यानंच बोलायचं असतं. आईवडिलांना कळवणं आणि २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे नेणं बंधनकारक आहे. जामीन देणं हा तिथं नियम आणि नाकारणं हा अपवाद आहे. एकट्या मुलाचं असं प्रकरण असेल तर साधारणपणे एफआयआर न होता डायरीत नोंद होते आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल मंडळाकडे जातो. पण मोठ्या माणसासोबत मिळून केल्याचं दिसलं तर एफआयआर होऊ शकतो. म्हणूनच "मीच दिली होती त्याच्या हातात" असं मिस्टर पोराला वाचवायला म्हणून उगाच बोलून बसले, तर पोरगंही वाचणार नाही आणि तेही अडकतील. जे झालं तेच सांगायचं. मुलाचं नाव, फोटो, शाळा छापायला किंवा व्हायरल करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नं मनाई आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी टाकलं तर त्याचीही तक्रार करता येते.

वयाचा पुरावा म्हणून शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र आधी धरतात. ते नसेल तरच ग्रामपंचायतीचा किंवा महापालिकेचा जन्मदाखला. आपल्याकडं शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लावून टाकलेली असते आणि खरा जन्म त्यानंतरचा असतो. अशा घरात मुलगा कागदावर आधीच अठराचा होतो. दहावीचं प्रमाणपत्र काढून तारीख आत्ताच बघून ठेवा. घटना घडली त्या दिवशीचं वय मोजतात. पण त्या तारखेनंतर त्यानं पुन्हा बंदूक हातात घेतली तर ती नवी घटना होते.

हळदीच्या बारांचं काय ते लग्नघरी आजच बोलून घ्या, मे महिन्यात नको. २०१९ च्या दुरुस्तीत लग्न, मिरवणूक, धार्मिक ठिकाण अशा जागी आनंदानं गोळीबार करून कुणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, असं वेगळं कलमच घातलंय. त्याला परवानाधारकही अपवाद नाही. कुणी दगावलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणानं मृत्यू, पाच वर्षांपर्यंत. आणि चार महिने पेटीत पडलेल्या बंदुकीचा बार काढणं मुळातच धोक्याचं आहे. कुंभारीण माशीला नळीचं भोक घरट्यासाठी फार आवडतं. आत बोटभर वाळलेली माती बसते आणि वरून काही दिसत नाही. काडतूस पेटलं की वायूला वाट मिळत नाही आणि नळी धरणाऱ्याच्या डाव्या हातातच फाटते. जुनं काडतूस कधी क्षणभर उशिरानंही पेटतं. "वाजलं नाही" म्हणून पोरगं नळी खाली करून बघायला जातं, आणि समोर मांडवात माणसं बसलेली असतात. हलग्या आणि बॅन्ड असताना बंदुकीची काही गरज नाही.

दीर उद्या म्हणतील, "मग एअरगन घेऊन देऊ." ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिलिमीटर बोअरच्या, २० जूलपर्यंतच्या ताकदीच्या एअरगनला परवान्यातून सूट आहे, हे खरं. पण तिचा छर्रा डोळा फोडतो. आणि तुमच्या भागात आणखी एक अडचण आहे. नान्नजचं माळढोक अभयारण्य तुमच्याच तालुक्यात आहे. माळावर पाखरावर नेम धरला की ती शिकार होते, नेम चुकला तरी, कारण वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये मारण्याचा प्रयत्नही शिकारीतच मोडतो. रिकाम्या दुपारी पोराच्या हाती एअरगन देऊन त्याला मळ्यात सोडणं आम्हाला पटत नाही.

त्याला नेमबाजीची खरंच ओढ असेल तर ती दाबू नका. कलम ९ मध्येच एकवीसच्या आतल्या मुलांना ठरलेल्या वयापासून, ठरलेल्या अटींवर, प्रशिक्षणापुरती बंदूक वापरायची मुभा ठेवलेली आहे. प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, रेंजवर. बंदूक क्लबची आणि मुलगा संध्याकाळी रिकाम्या हातानं घरी, हे त्यात गृहीत आहे. कॉलेजात एनसीसी असेल तर तोही सरळ मार्ग आहे. एनसीसीच्या कॅडेटला प्रशिक्षणात .२२ रायफल मिळते आणि त्यासाठी शस्त्र कायद्यात स्वतंत्र सूट आहे. खेळ म्हणून शिकायचं असेल तर सुरुवात १० मीटर एअर रायफलनं होते. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करा. पुण्यात बालेवाडीला मोठी रेंज आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक घेऊन आला. तोही खेड्यातलाच मुलगा. रेंजवर पहिले काही दिवस फक्त उभं राहायला, श्वास रोखायला आणि नळी कायम सुरक्षित दिशेला ठेवायला शिकवतात. ज्या पोराला नुसतं रील पाहिजे ते आठवड्यात कंटाळतं, ज्याला नेम पाहिजे ते टिकतं. तुम्हालाही त्यातून त्याचं मन कळेल.

एक गोष्ट हळूच विचारतो. आजोबा गेल्यापासून तो गप्प झालाय का? जेवण, झोप, अभ्यास यात फरक पडलाय का? बारावीचं वर्ष, घरातला आधाराचा माणूस गेलेला, आणि हाताशी बंदूक. या तीन गोष्टी एका घरात असल्या की बंदूक बाहेर जायला एक दिवसही जास्त आहे, मग कायदा काहीही म्हणो. त्याच्याशी बोलणं जड जात असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलतात. अठराच्या आतल्या मुलासाठी १०९८ सुद्धा आहे.

आणि पेटी रिकामी होईल त्या दिवशी त्याला घरात ठेवा, शाळेत पाठवून मागं गुपचूप करू नका. अंमलदार क्रमांक वाचून लिहितील तेव्हा त्याला शेजारी उभं करा. काडतुसं त्याला मोजू देऊ नका, पण मोजलेली बघू द्या. आजोबांचं काही राहावं असं त्याला वाटत असेल तर काडतुसांचा तो चामडी पट्टा नुसता ठेवायला हरकत नाही, चामड्याला परवाना लागत नाही. फक्त त्याच्या हाती देण्याआधी पट्ट्याचा एकेक कप्पा बोट घालून तुम्ही स्वतः चाचपून बघा.